भाषेचे अंगण : पाच ह्रस्व स्वर आणि आपल्या घरचे इंग्रजी



चौदाव्या गुणस्थानाचा, म्हणजे अयोगी केवली अवस्थेचा काळ किती, असे पाठशाळेत विचारले की मुले तत्काळ उत्तर देतात : अ, इ, उ, ऋ, लृ ही पाच ह्रस्व अक्षरे उच्चारण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढा. इतक्या सूक्ष्म काळाचे माप सांगण्यासाठी आपल्या आचार्यांनी एका मात्रेच्या स्वराची निवड केली. ज्या घरांत ही पाच अक्षरे परिचयाची आहेत, त्याच घरांतील नातवंडे आज इंग्रजी शाळेतून आणखी पाच ह्रस्व स्वर शिकून येतात. ‘हा शॉर्ट ए, हा शॉर्ट ई’ असे ती घोकू लागली की घरातील मोठी माणसे मात्र गोंधळून जातात.

मराठी किंवा गुजराती माध्यमात शिकलेल्या अनेक माता ‘आमचे इंग्रजी बेताचेच’ असे म्हणून मुलाची वही शिकवणीच्या बाईंकडे सोपवतात. मुलाची पहिली गुरू आई, हे आपण व्याख्यानांत ऐकतो; परंतु पहिल्याच इयत्तेत त्या गुरूने स्वतःहून आसन सोडावे, ही गोष्ट चांगली नाही. ज्या पाच ध्वनींमुळे हे घडते, ते ध्वनी त्याच आईच्या तोंडी दिवसभर असतात. बॅग, चेक, बिल, बॉक्स आणि कप हे शब्द कोणत्या घरात उच्चारले जात नाहीत? या पाच शब्दांत इंग्रजीचे पाचही ह्रस्व स्वर आले. या लेखात त्यांची रीतसर ओळख करून घेऊ.

प्रथम ‘ह्रस्व’ या शब्दाविषयी. आपल्या व्याकरणात ह्रस्व आणि दीर्घ हा भेद काळाचा आहे : ह्रस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. इंग्रजी शाळेतील ‘शॉर्ट’ आणि ‘लाँग’ यांचा भेद निराळा आहे. तेथे स्वरवर्णाने स्वतःचे नाव उच्चारले की तो लाँग, आणि दुसरा ठरलेला ध्वनी दिला की तो शॉर्ट. केक या शब्दात ए हे अक्षर आपले ‘ए’ हेच नाव सांगते, म्हणून तो दीर्घ. कॅपमध्ये ते ‘ॲ’ म्हणते, म्हणून तो ह्रस्व. आय हे अक्षर पाइनमध्ये आपले नाव सांगते, पिनमध्ये सांगत नाही.

असे का झाले, याला इतिहास आहे. सहा-सातशे वर्षांपूर्वी इंग्रजीतही हा भेद आपल्यासारखाच, मुख्यतः काळाचा होता. सुमारे १४०० ते १७०० या काळात इंग्लंडातील लोकांच्या तोंडातील दीर्घ स्वर क्रमाक्रमाने बदलत गेले. ‘ई’चा ‘आय’ झाला, ‘ए’चा ‘ई’ झाला, ‘आ’चा ‘ए’ झाला. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने या घडामोडीला महास्वरांतर अशा अर्थाचे नाव दिले. विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे आपला छापखाना काढला तो १४७६ साली, म्हणजे हे स्थित्यंतर चालू असतानाच. छापील पुस्तकांमुळे स्पेलिंग स्थिर होत गेले, पण उच्चार पुढे निघून गेले. ह्रस्व स्वर त्या मानाने जागच्या जागी राहिले. म्हणून मुलांना वाचन शिकवताना प्रारंभ ह्रस्व स्वरांपासून करतात. तेथे अक्षर आणि ध्वनी यांचे नाते अधिक प्रामाणिक आहे.

आता एकेक स्वर पाहू. बी आणि जी ही दोन व्यंजने दोन्ही बाजूंना ठेवून मधला स्वर बदलत जावे. बॅग म्हणजे पिशवी, बेग म्हणजे भीक मागणे, बिग म्हणजे मोठे, बॉग म्हणजे दलदल, बग म्हणजे किडा. एका स्वराच्या पालटाने पाच निरनिराळे अर्थ उभे राहिले. ही ओळ मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावी. पाचही स्वर तिच्यात क्रमाने येतात.

पहिला ‘ॲ’. बॅग, रॅक, टॅक्स, कॅश, स्टॅम्प, बॅलन्स. जबडा चांगला खाली, ओठ किंचित फाकलेले. मराठीने या ध्वनीसाठी स्वतंत्र चिन्ह केले आणि २००९ च्या शासन निर्णयाने ॲ व ऑ यांना मराठी वर्णमालेत रीतसर स्थान मिळाले. हिंदीत हेच शब्द ऐकाराने ‘बैग’, ‘बैंक’ असे लिहितात. आपल्या समाजात घरी एक भाषा, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी असा प्रकार पुष्कळ असल्यामुळे हा स्वर कुठे ‘ए’कडे तर कुठे ‘ऐ’कडे झुकतो. पॅन आणि पेन यांची अदलाबदल झाली की ‘पॅन आणा’ म्हटल्यावर समोरचा लेखणी पुढे करतो. एक माणूस मॅन आणि अनेक माणसे मेन, हा फरकही केवळ या स्वरावर उभा आहे.

दुसरा ह्रस्व ‘ए’. याचे विवेचन थोडे विस्ताराने करावे लागेल, म्हणून तो क्षणभर बाजूस ठेवू.

तिसरा ‘इ’. बिल, टिन, लिस्ट, पिन, मिक्स. हा स्वर आपल्याजवळ आहे, तरी तो आपल्या तोंडी लांबतो. त्याचे कारण मराठीच्या स्वभावात आहे. वीट, खीर, वकील, गरीब या शब्दांत शेवटच्या अकारान्त अक्षराआधीचा इकार आपण दीर्घ उच्चारतो आणि दीर्घच लिहितो. तीच सवय इंग्रजी शब्दाला लागते आणि दुकानाच्या पाटीवर ‘बील’ अवतरते. मराठी वाक्यात त्याने फारसे बिघडत नाही. इंग्रजी वाक्यात बिघडते. चिप म्हणजे कपची, चीप म्हणजे स्वस्त. फिल म्हणजे भरणे, फील म्हणजे वाटणे. शिप म्हणजे जहाज, शीप म्हणजे मेंढी. परदेशी ग्राहकाशी दूरध्वनीवर बोलताना हा अर्ध्या मात्रेचा फरक महत्त्वाचा ठरतो.

चौथा ‘ऑ’. शॉप, स्टॉक, बॉक्स, लॉक, कॉटन. नफा आणि तोटा यांची इंग्रजी नावे प्रॉफिट आणि लॉस. दोन्हींत हाच स्वर आहे. ओठ गोल करावेत, पण आवाज ओढू नये. क्रिकेटमध्ये झेल घेतल्यावर जो ‘कॉट’ म्हणतात तो दीर्घ, आणि झोपण्याची ‘कॉट’ ह्रस्व. आपण दोन्ही एकसारखे लिहितो, इंग्रज दोन्ही वेगळे ऐकतो. अमेरिकेतील नातलगांकडून हाच बॉक्स ‘बाक्स’सारखा ऐकू येतो. ती तेथील रीत आहे. त्यात चूक कोणाचीच नाही.

पाचवा ‘अ’. कप, बस, ट्रक, नट, रबर, बटन. हा मराठी ‘अ’च्या इतका जवळचा आहे की तो शिकावा लागत नाही. फक्त डोळ्यांना सवय करावी लागते, कारण त्याचे अक्षर यू आहे. थोड्या शब्दांत यू हे अक्षर ‘उ’ म्हणते : फुल, पुल, पुश, पुट, शुगर. दुकानाच्या काचेच्या दारावर पुल आणि पुश रोज दिसतात. ते या अपवादाचे स्मरण ठेवण्यास पुरेसे आहेत.

आता मागे ठेवलेला ह्रस्व ‘ए’. देवनागरीत ‘ए’ एकच आहे आणि संस्कृत व्याकरणानुसार तो दीर्घच. त्यामुळे इंग्रजीतील दोन वेगळे शब्द आपल्या लेखणीतून एकच होऊन बाहेर पडतात. एस-ई-एल-एल म्हणजे विकणे; एस-ए-एल-ई म्हणजे विक्री. आपण दोन्ही ‘सेल’ लिहितो. प्रत्येक पुडक्यावर छापलेले ‘नेट वेट’ पाहा : नेटमधला स्वर ह्रस्व आणि वजनवाचक वेटमधला दीर्घ, तोच वेट ह्रस्व उच्चारला तर त्याचा अर्थ ओले असा होईल. तारीख या अर्थाचा ‘डेट’ आणि कर्ज या अर्थाचा ‘डेट’ यांचेही तसेच. देणे कधी फेडायचे आणि देणे किती, हे दोन प्रश्न व्यापाऱ्याने एकमेकांत मिसळू नयेत. किराण्याच्या व्यापारात तर पेपर म्हणजे कागद आणि पेपर म्हणजे मिरी! मागणी लेखी नसेल तर गोणी कशाची निघेल, हे सांगणाऱ्याच्या स्वरावर अवलंबून राहील.

हा भेद जिभेला कसा शिकवावा? इंग्रजीतील दीर्घ ए शेवटी हलकेच ‘इ’कडे सरकतो. विक्रीचा सेल ‘सेइल’सारखा, तारखेचा डेट ‘डेइट’सारखा, कागदाचा पेपर ‘पेइपर’सारखा. ह्रस्व ए मात्र सरकत नाही. तो उच्चारताच थांबतो. वाण्याने तराजूची दांडी स्थिर होताच हात मागे घ्यावा, तसा तो सोडावा. खातेवहीचे बहुतेक शब्द या ह्रस्व ‘ए’चे आहेत : लेजर, क्रेडिट, डेबिट, चेक, नेट. कर्जवाचक डेट आणि डेबिट हे तर एकाच लॅटिन मुळापासून आलेले सगे शब्द. फ्रेंचमार्गे आलेल्या डेटच्या स्पेलिंगमध्ये मुळात बी नव्हता. पुढे विद्वानांनी लॅटिन मुळाची आठवण म्हणून तो घातला. म्हणून तो लिहिला जातो, बोलला जात नाही.

‘ह्रस्व ए’ ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे मात्र कारण नाही. संस्कृतात तो नसला तरी प्राकृतात आहे. प्राकृत भाषांत जोडाक्षरापूर्वीचा ए आणि ओ ह्रस्व उच्चारला जातो. एत्थ, जोव्वण ही त्याची उदाहरणे, आणि जो शब्द आपल्या ओठांवर पहाटेपासून असतो तो णमोक्कार हेही त्याचेच उदाहरण. त्यातील ‘मो’ द्वित्त ‘क्क’च्या आधी आहे, तो लांबवला जात नाही. जोडाक्षरापूर्वीचा दीर्घ स्वर ह्रस्व होतो, हा नियम बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी सिद्धहेमशब्दानुशासनाच्या आठव्या अध्यायात, प्राकृत व्याकरणात, नोंदवून ठेवला आहे. मार्गाचा मग्ग होतो, काव्याचे कव्व होते, रात्रीची रत्ति होते.

आता इंग्रजीकडे पाहा. तेथेही जुन्या काळी दोन व्यंजने लागोपाठ आली की आधीचा दीर्घ स्वर आखडला. कीपचे केप्ट, स्लीपचे स्लेप्ट, फाइव्हचे फिफ्टी, वाइजचे विझडम. बरे करणे म्हणजे हील, आणि त्यापासून हेल्थ. मग्ग आणि हेल्थ यांच्या भाषा दूरच्या, पण मानवी जीभ दोन्हीकडे एकाच रीतीने वागली. मराठीने पुढे हा हिशेब उलट फिरवला. मग्गमधील एक ग गळाला आणि त्याच्या भरपाईला स्वर दीर्घ झाला : माग. सत्तचे सात, अट्ठचे आठ, हत्थचा हात. एका व्यंजनाची उधारी स्वराने फेडली, असे आपल्या भाषेत म्हणता येईल.

इंग्रजी स्पेलिंगमधील एक मोठी खूण याच तत्त्वावर उभी आहे. स्वरानंतर एकच व्यंजन दोनदा लिहिलेले दिसले की तो स्वर बहुधा ह्रस्व. मिरीच्या पेपरमध्ये दोन पी, कागदाच्या पेपरमध्ये एक. रबर, बटर, बटन, बॉटल, कॉटन, डिनर या सर्वांत मधले व्यंजन दुहेरी आहे. आज ते एकेरी उच्चारले जात असले तरी मध्ययुगीन इंग्रजीत ते आपल्या ‘क्क’ आणि ‘त्त’सारखे खरोखर दुहेरी उच्चारत. कॉपीसारखे काही शब्द एकाच पीवर भागवतात, हे खरे. परंतु खूण उपयोगाची आहे.

अशाच आणखी तीन खुणा लक्षात ठेवाव्यात. एका स्वरवर्णानंतर शेवटी सी आणि के जोडीने आले की स्वर ह्रस्व : पॅक, चेक, ब्रिक, लॉक, ट्रक. केकमध्ये नुसता के आहे, कारण तेथे स्वर दीर्घ आहे. ‘ज’ ध्वनीसाठी डी-जी-ई लिहिले असेल तर स्वर ह्रस्व : ब्रिज, एज म्हणजे कड, लेजर, बजेट. नुसते जी-ई असेल तर बहुधा दीर्घ : पेज, स्टेज आणि वयाचा एज. ‘च’साठी टी-सी-एच असेल तरीही स्वर ह्रस्व : मॅच, बॅच, स्विच, किचन.

याच्या उलट खूण शेवटच्या मुक्या ईची. टॅपला ई जोडला की टेप, रॅटला जोडला की रेट, पिनला जोडला की पाइन, नॉटला जोडला की नोट, कटला जोडला की क्यूट. हा ई आज मौन पाळतो, पण एके काळी तो उच्चारला जात असे; तेव्हा त्याच्या आधीचे अक्षर मोकळे राहून दीर्घ होई. आज तो स्वतः काही न बोलता शेजाऱ्याला स्वतःचे नाव घेण्यास लावतो.

नियमांबरोबर अपवादही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत, अन्यथा मूल आईवरील विश्वास गमावते. हॅव, गिव्ह, लव्ह यांच्या शेवटी मुका ई असूनही स्वर ह्रस्व आहे, कारण इंग्रजी शब्द व्ही या अक्षरावर संपवण्याची पद्धत नाही. मनी, मंथ, मंडे, लंडन, हनी यांत अक्षर ओ, पण ध्वनी ‘अ’. हस्तलिखितांच्या काळात यू, एम, एन, व्ही ही अक्षरे उभ्या लहान रेघांची असत. त्या शेजारी आल्या की वाचताना घोटाळा होई, म्हणून लेखनिक यूऐवजी ओ लिहीत, असे स्पष्टीकरण अभ्यासक देतात. ब्रेड, हेड, हेवी, रेडी यांत ई आणि ए मिळून ह्रस्व ‘ए’ देतात. डब्ल्यूनंतरचा ए बहुधा ‘ऑ’ होतो : वॉच, वॉश, वॉलेट. आणि आपला सर्वांत आवडता शब्द बिझनेस! त्यात अक्षर यू, ध्वनी ‘इ’. इंग्लंडातील एका भागाचे स्पेलिंग टिकले आणि दुसऱ्या भागाचा उच्चार टिकला, त्यातून हे जोडपे जमले.

हे सर्व घरी कसे शिकवावे? बहुतेक घरांत सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात आणि निजेपर्यंत मोकळा वेळ असतो. त्यातील दहा मिनिटे पुरेत. पाच डबे घ्यावेत आणि त्यांवर बॅग, चेक, बिल, बॉक्स, कप यांची चित्रे चिकटवावीत. अक्षरे लिहू नयेत. आजी, आजोबा, काकी, जो समोर असेल त्याने स्वयंपाकघरातला वा दुकानातला एक इंग्रजी शब्द उच्चारावा. मुलाने तो ऐकून मधला स्वर ओळखावा आणि त्या डब्यात एक चिंचोका टाकावा. आठवडाभर केवळ कानांचे काम. दुसऱ्या आठवड्यात तोच शब्द पुडक्यावर वा बिलावर शोधावा, म्हणजे डोळ्यांचे काम. तिसऱ्या आठवड्यात तो वहीत लिहावा. कान, डोळे, हात हा क्रम मोडू नये. स्पेलिंग आधी पाठ केलेले मूल शब्द ऐकत नाही, तो आठवते.

एक पथ्य पाळावे. शब्दात एकाहून अधिक अक्षरे असतील तर ज्या अक्षरावर जोर पडतो, त्याचाच स्वर तपासावा. पॅकेटमधला ‘पॅ’ घ्यावा, ‘के’ सोडावा. जोर नसलेल्या अक्षरात इंग्रजी स्वर इतका फिका होतो की त्याचा निवाडा मोठ्यांनाही करता येत नाही.

ज्या मातांना अजूनही संकोच वाटत असेल त्यांना एवढेच सांगणे आहे की परदेशी थाटाचे इंग्रजी येथे अपेक्षित नाही. सूत्र म्हणताना ज्यांना ह्रस्वाचा दीर्घ झालेला खटकतो, त्यांचा कान आधीच तयार आहे. तो कान मुलाच्या इंग्रजी वहीजवळ नेऊन बसवावा. शिकवणीच्या बाई आठवड्यातून तीनदा येतात. आई रोज घरी असते आणि ‘बिल’ हा शब्द ती दिवसातून दहा वेळा उच्चारते.

या महिन्याचा गृहपाठ : मिल्क, बँक, डस्टर, पॉकेट, हेल्थ, मंथ, वॉलेट, बिझनेस हे आठ शब्द पाच डब्यांत वाटावेत. पडताळणीसाठी उत्तरे अशी : बॅगच्या डब्यात बँक; चेकच्या डब्यात हेल्थ; बिलच्या डब्यात मिल्क आणि बिझनेस; बॉक्सच्या डब्यात पॉकेट आणि वॉलेट; कपच्या डब्यात डस्टर आणि मंथ. पुढील अंकी दीर्घ स्वरांकडे वळू.